पान उघडेपर्यंतचा वेळ जातो कुठे?

घरात १०० एमबीपीएसचे फायबर कनेक्शन असते, स्पीड टेस्ट केली तर आकडाही शंभरच्या आसपास येतो, आणि तरी एखाद्या वर्तमानपत्राची वेबसाइट धड उघडायला सात-आठ सेकंद घेते. आधी पांढरे पान, मग मथळा, मग वर जाहिरात आल्यामुळे तो मथळा खाली सरकतो, आणि बोट टेकवायला जावे तर भलतीच बातमी उघडते. अशा वेळी कुणी इंटरनेट कंपनीला फोन लावतो, कुणी ब्राउझर ‘फास्ट’ करून देणारे अ‍ॅप उतरवून घेतो. दोन्हींतून फारसे काही हाती लागत नाही, कारण वेळ खाणारी जागा बहुधा तिसरीच असते. ती जागा शोधता आली की पुढचे उपाय सोपे आहेत आणि जवळजवळ सगळे फुकट आहेत.

एका पानामागचे हेलपाटे

पत्ता टाइप करून एंटर दाबला की ब्राउझरला आधी त्या नावामागचा आकडी पत्ता शोधावा लागतो. हे काम डीएनएस नावाची यंत्रणा करते. पत्ता मिळाला की सर्व्हरशी जोडणी करायची: इकडून विचारणा, तिकडून होकार. मग त्या जोडणीला कुलूप लावायचे, म्हणजे एचटीटीपीएससाठी लागणाऱ्या किल्ल्यांची देवाणघेवाण करायची. हे सगळे झाल्यावर ब्राउझर म्हणतो, आता पान द्या.

तालुक्याच्या कचेरीत एका दाखल्यासाठी चार खेपा घालाव्या लागल्या तर लागणारा वेळ खेपांच्या संख्येवर आणि घरापासूनच्या अंतरावर ठरतो; दाखल्याचा कागद किती मोठा आहे याला महत्त्व नसते. वेबपानाचे गणित असेच हेलपाट्यांचे आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. पुण्यापासून अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यापर्यंत, जिथे जगातल्या असंख्य वेबसाइटचे सर्व्हर आहेत, सरळ रेषेत साधारण १३ हजार किलोमीटर भरतात. म्हणजे जाऊन येण्यासाठी प्रकाशालाच १३० मिलिसेकंद हवेत. केबल सरळ रेषेत जात नाहीत आणि वाटेत उपकरणे असतात, त्यामुळे प्रत्यक्षात हा आकडा २०० च्या पुढे जातो.

आता खेपा मोजा. जोडणीची एक, कुलपाची एक, पान मागण्याची एक, अशा तीन खेपांत ६०० मिलिसेकंद गेले आणि तेव्हा कुठे पानाचा पहिला बाइट दारात आला. सर्व्हर टीएलएस १.२ ही जुनी पद्धत वापरत असेल तर कुलपासाठी एकाऐवजी दोन खेपा लागतात आणि हिशेब ८०० वर जातो. २०१८ साली आलेल्या टीएलएस १.३ ने ती एक खेप वाचवली. २०२२ मध्ये प्रमाणित झालेल्या एचटीटीपी/३ या पद्धतीने जोडणी आणि कुलूप ही दोन्ही कामे एकाच खेपेत उरकली. तिथे हाच हिशेब ४०० वर येतो. हा फायदा घ्यायला वाचकाला एकच करावे लागते: ब्राउझर अद्ययावत ठेवणे. फार जुना ब्राउझर वापरणारा माणूस हे सगळे फुकट मिळत असताना सोडून देतो. वेगासाठी पहिली गोष्ट ही करा.

हेलपाटा टाळता येत नसेल तर अंतर कमी करायचे, या विचारातून १९९८ साली अ‍ॅकमाय ही कंपनी उभी राहिली. टॉम लेटन हे एमआयटीतले गणिताचे प्राध्यापक आणि त्यांचा विद्यार्थी डॅनियल लेविन हे तिचे संस्थापक. पानातली चित्रे आणि फाइली जगभर पसरलेल्या सर्व्हरवर ठेवायच्या आणि वाचकाच्या जवळच्या सर्व्हरने त्या द्यायच्या, ही त्यांची कल्पना. आज तिला सीडीएन म्हणतात. आपल्याकडे समुद्राखालच्या अनेक केबल मुंबईत किनाऱ्याला लागतात आणि मोठ्या क्लाउड कंपन्यांची केंद्रेही तिथे आहेत. अ‍ॅमेझॉनने आपले मुंबई केंद्र २०१६ मध्ये सुरू केले. वेबसाइटची फाइल मुंबईत ठेवलेली असेल तर पुण्याच्या वाचकाचा हेलपाटा फायबरवर काही मोजक्या मिलिसेकंदांत होतो. एकाच कनेक्शनवर एक साइट झटकन उघडते आणि दुसरी रेंगाळते, त्याचे हे एक मोठे कारण.

पण पहिला बाइट आला म्हणजे पान आले असे नाही. आलेल्या एचटीएमएल फाइलमध्ये पुढच्या फाइलींची यादी असते: रंगरूप ठरवणारी सीएसएस, हालचाल घडवणाऱ्या जावास्क्रिप्ट, फॉन्ट, चित्रे. सीएसएस हाती येईपर्यंत ब्राउझर पान रंगवत नाही. वाटेत साधी स्क्रिप्ट लागली तर ती उतरून, चालून होईपर्यंत पुढचे पान वाचणेही थांबते. आणि यातली एखादी फाइल वेगळ्या सर्व्हरवर असेल तर डीएनएस, जोडणी, कुलूप या खेपा तिच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून.

१०० एमबीपीएसचा उपयोग किती?

एमबीपीएस हा आकडा एका सेकंदात किती माहिती येऊ शकते ते सांगतो. पहिला थेंब यायला किती वेळ लागेल ते सांगत नाही. २०१० साली गुगलमधल्या माइक बेल्शी यांनी यावर प्रयोग केले. कनेक्शनचा वेग ५ वरून १० एमबीपीएसवर नेला तर पाने उघडण्याच्या वेळात जेमतेम ५ टक्के फरक पडत होता. उलट हेलपाट्याचा वेळ कमी करत गेले तर प्रत्येक टप्प्यावर जवळजवळ सारखा फायदा होत होता. हेच बेल्शी स्पीडी (SPDY) या पद्धतीच्या जनकांपैकी एक, आणि त्यातून पुढे २०१५ मध्ये एचटीटीपी/२ तयार झाले. आजची पाने २०१० च्या पानांहून कितीतरी जड आहेत, त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. दिशा मात्र तीच आहे.

यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते स्पीड टेस्टमध्ये दिसत नाही. नवी जोडणी झाली की सर्व्हर लगेच पूर्ण वेगाने माहिती सोडत नाही. वाट किती रुंद आहे हे त्याला ठाऊक नसते. तो पहिल्यांदा साधारण दहा पाकिटे पाठवतो, म्हणजे सुमारे १४ केबी. पोच मिळाली की वीस, मग चाळीस. शंभर केबीची फाइल यायला अशा चार-एक खेपा लागतात आणि तोवर ती फाइल संपलेली असते. तुमच्या १०० एमबीपीएसच्या रुंद वाटेचा बराचसा भाग या वेळात रिकामा पडून असतो. सिनेमा पाहताना किंवा मोठी फाइल उतरवताना ती रुंदी कामी येते. बातमी वाचण्यासाठी ३० एमबीपीएसचे कनेक्शन पुरत असेल तर निव्वळ पाने लवकर उघडावीत म्हणून २०० चा प्लॅन घेऊ नका.

उपायाआधी मोजणी

कुठल्याही अ‍ॅपशिवाय ही मोजणी करता येते, पण त्यासाठी संगणक हवा. क्रोम, एज किंवा फायरफॉक्समध्ये नेहमी रेंगाळणारे पान उघडा आणि एफ १२ हे बटण दाबा. बाजूला किंवा खाली एक खिडकी उघडेल. तिच्यात ‘नेटवर्क’ हा टॅब निवडा, ‘डिसेबल कॅश’ या चौकटीत खूण करा आणि पान पुन्हा लोड करा.

आता एकेक ओळ खाली उतरताना दिसेल. प्रत्येक ओळ म्हणजे एक फाइल. उजवीकडच्या आडव्या पट्ट्या ती कधी मागितली आणि कधी हातात पडली ते दाखवतात. खालच्या पट्टीत एकूण किती मागण्या झाल्या, किती एमबी उतरले आणि किती सेकंद लागले हे लिहिलेले असते. हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला धक्का बसतो, कारण सहाशे शब्दांच्या बातमीसाठी दोनशे-तीनशे फाइली मागवल्या जाणे मुळीच दुर्मीळ नाही.

सगळ्यात वरची ओळ निवडून तिच्या ‘टायमिंग’वर जा. तिथे डीएनएस, जोडणी, कुलूप, सर्व्हरच्या उत्तराची वाट आणि प्रत्यक्ष उतरवणे यांचा वेगवेगळा वेळ मिळतो. सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहण्यातच दीड-दोन सेकंद जात असतील तर दोष त्या वेबसाइटच्या यंत्रणेचा आहे. तुम्ही घरी काहीही केले तरी तो जाणार नाही. डीएनएसची पट्टी लांब असेल तर त्यावरचा उपाय पुढे दिला आहे. पहिली ओळ झटपट आली, पण खाली अनोळखी नावांच्या ओळींची रांग लागली असेल तर जाहिराती आणि पाळत ठेवणाऱ्या स्क्रिप्ट वेळ खात आहेत. आणि सगळ्या पट्ट्या संपल्यावरही पान अडखळत सरकत असेल तर प्रश्न नेटचा नाही, प्रोसेसरचा किंवा मेमरीचा आहे.

यानंतर तेच पान इनकॉग्निटो किंवा प्रायव्हेट खिडकीत उघडून पाहा. तिथे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेली छोटी अ‍ॅप, सहसा बंद असतात. कॅशही, म्हणजे आधी उतरवलेल्या फाइलींचा साठाही, रिकामी असते, त्यामुळे खरे तर पान तिथे थोडे उशिरा उघडायला हवे. तरीही ते लवकर उघडले तर तुमच्या एखाद्या एक्स्टेन्शनवर संशय घ्यायला हरकत नाही.

पानावरचे परके पाहुणे

घरगुती पातळीवर सर्वांत मोठा फरक इथे पडतो, असे माझे ठाम मत आहे. बातम्यांच्या पानावर जाहिरातीची एक रिकामी चौकट असते. ती कुणाला द्यायची याचा लिलाव पान उघडत असतानाच चालतो. त्यासाठी वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्क्रिप्ट येतात, त्या आणखी स्क्रिप्ट बोलावतात, तुमची ओळख पटवणाऱ्या छोट्या फाइली मागवतात. यातल्या प्रत्येकीचा सर्व्हर वेगळा, म्हणजे हेलपाटेही वेगळे. शिवाय आलेली स्क्रिप्ट चालवायला प्रोसेसर लागतो. महागड्या फोनवर जे काम अर्ध्या सेकंदात होते, त्याला दहा हजारांच्या फोनवर दोन-तीन सेकंद लागू शकतात. नेट उत्तम असूनही स्वस्त फोनवर पान अडखळते ते यामुळे.

या पाहुण्यांना दारातच अडवता येते. फायरफॉक्समध्ये ट्रॅकिंग रोखण्याची सोय मुळातच आहे. सेटिंग्जमध्ये ती ‘स्ट्रिक्ट’ करता येते. एजमध्येही बेसिक, बॅलन्स्ड आणि स्ट्रिक्ट असे तीन पर्याय मिळतात. याहून पुढे जायचे असेल तर रेमंड हिल यांनी तयार केलेले यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन आहे. ते फुकट आहे आणि मेमरीही कमी खाते. क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यावर मूळ यूब्लॉक ओरिजिन तिथे चालेनासे झाले. क्रोमवर आता त्याची हलकी, लाइट आवृत्ती मिळते. फायरफॉक्सवर मूळ आवृत्ती चालते, अँड्रॉइड फोनवरच्या फायरफॉक्सवरसुद्धा. आयफोनच्या सफारीत २०१५ पासून कंटेंट ब्लॉकर बसवण्याची सोय आहे. ब्रेव्ह ब्राउझरमध्ये तर ही अडवणूक सुरुवातीपासूनच चालू असते. १९९५ साली नेटस्केपमध्ये जावास्क्रिप्ट ही भाषा ज्यांनी लिहिली ते ब्रेंडन आइक हेच ब्रेव्हच्या संस्थापकांपैकी एक आहेत, हे मुद्दाम नोंदवण्याजोगे आहे.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. अनेक मराठी वृत्तसंस्था आणि छोटे प्रकाशक या जाहिरातींवरच चालतात. ज्यांचे काम तुम्ही रोज वाचता आणि ज्यांची पाने सुसह्य आहेत, त्यांच्यासाठी ब्लॉकर बंद ठेवा किंवा त्यांची वर्गणी भरा. बहुतेक ब्लॉकरमध्ये एकेका साइटपुरती सवलत देण्याचे बटण असते.

कॅश रोज पुसू नका

फोन साफ करणारी अ‍ॅप सर्वांत जास्त नुकसान इथे करतात. कॅश म्हणजे एकदा उतरवलेल्या फाइलींचा तुमच्याच उपकरणावर ठेवलेला साठा. वर्तमानपत्राचे बोधचिन्ह, फॉन्ट, सीएसएस या गोष्टी रोज बदलत नाहीत. त्या जवळ असल्या की हेलपाटा पडतच नाही. कॅश पुसली की पुढच्या भेटीत सगळे पुन्हा उतरवावे लागते, वेळही जातो आणि डेटाही. एखादी साइट मोडकी दिसत असेल, जुनेच पान दाखवत असेल किंवा फोनमध्ये जागाच उरली नसेल, तेव्हाच ती पुसावी. वेगासाठी पुसू नये.

मागे जाण्याच्या बाणाचाही असाच फायदा आहे. बातमी वाचून झाल्यावर मुखपृष्ठाचा दुवा दाबला तर पान नव्याने मागवले जाते. मागचा बाण दाबला तर ब्राउझर बऱ्याचदा आधीचे पान मेमरीतून जसेच्या तसे समोर ठेवतो. फायरफॉक्समध्ये ही सोय २००५ पासून आहे, क्रोमने संगणकावर ती २०२१ मध्ये आणली.

टॅब, एक्स्टेन्शन आणि रॅम

४ जीबी रॅमचा लॅपटॉप, त्यात चाळीस टॅब उघडे, आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क. अनेक घरांत, शाळांत आणि दुकानांत हीच स्थिती असते. आजचे ब्राउझर वेगवेगळ्या साइट वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवतात. २०१८ साली प्रोसेसरमधला स्पेक्टर नावाचा दोष उघड झाल्यावर क्रोमने हे विभाजन आणखी कडक केले. सुरक्षेसाठी ते गरजेचे होते, पण त्यामुळे मेमरीचा खर्च वाढला. रॅम भरली की विंडोज उरलेला भार डिस्कवर टाकते, आणि फिरत्या डिस्कवर ते काम इतके संथ चालते की टॅब बदलतानाही संगणक गोठल्यासारखा वाटतो. वापरणाऱ्याला वाटते, नेट गेले.

क्रोममध्ये सेटिंग्जच्या ‘परफॉर्मन्स’ विभागात मेमरी सेव्हर आहे. तो बराच वेळ न पाहिलेले टॅब झोपवून ठेवतो. एजमध्ये याला स्लीपिंग टॅब्ज म्हणतात. दोन्ही चालू ठेवा. कोणता टॅब किंवा एक्स्टेन्शन किती मेमरी खातो हे पाहायला क्रोम आणि एजमध्ये शिफ्ट व एस्केप एकत्र दाबा, ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. त्यात पहिल्या तीन ओळींत कधी काळी बसवून विसरलेले एखादे कूपन शोधणारे किंवा पीडीएफ बदलणारे एक्स्टेन्शन सापडले तर ते काढून टाका. बरीच एक्स्टेन्शन प्रत्येक पानावर स्वतःची स्क्रिप्ट चालवतात, मग त्या पानाशी त्यांचा संबंध असो वा नसो.

खर्च करायचाच असेल तर इथे करा. फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी आणि ४ च्या जागी ८ जीबी रॅम, एवढ्याने जुना लॅपटॉप आणखी काही वर्षे सुखाने चालतो. इंटरनेटचा महागडा प्लॅन घेण्यापेक्षा हा पैसा जास्त उपयोगी पडतो.

डीएनएस बदलून काय मिळते?

थोडेसे मिळते. इंटरनेट कंपनीचा डीएनएस संथ किंवा अधूनमधून गप्प होणारा असेल, तर गुगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ वापरून फरक जाणवतो. पहिला २००९ साली सुरू झाला, दुसरा २०१८ साली. क्रोममध्ये ‘सिक्युअर डीएनएस’ या सेटिंगमधून आणि अँड्रॉइडमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’मधून तो बदलता येतो. पण एकदा शोधलेला पत्ता ब्राउझर काही काळ लक्षात ठेवतो, त्यामुळे हा फायदा मुख्यतः पहिल्या भेटीत आणि तोही थोड्या मिलिसेकंदांचा असतो. आधीचा डीएनएस नीट चालत असेल तर बदलण्याची घाई नको. काही वेळा नव्या डीएनएसमुळे सीडीएनचा जवळचा सर्व्हर सोडून लांबचा मिळतो.

जुने नुस्खे आता सोडा

२००४-०५ च्या सुमारास फायरफॉक्स नवा होता आणि त्याचा वेग वाढवण्याचे काही नुस्खे जगभर फिरत होते. त्यातले काही अजूनही व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. अबाउट:कॉन्फिग या पानावर जाऊन पाइपलायनिंग चालू करायचे, हा सर्वांत प्रसिद्ध. कल्पना वाईट नव्हती. एका उत्तराची वाट न पाहता एकाच जोडणीवर पुढच्या मागण्याही करून टाकायच्या, म्हणजे हेलपाटे वाचतात. अडचण ही की उत्तरे मागणीच्या क्रमानेच यावी लागत. पहिली फाइल अडली की मागच्या सगळ्या अडत, आणि वाटेतली कित्येक उपकरणे या प्रकाराने गोंधळून जात. एचटीटीपी/२ ने उत्तरांना क्रमाची सक्ती न ठेवता हा प्रश्न मुळातून सोडवला, आणि २०१७ मध्ये फायरफॉक्सने पाइपलायनिंग काढूनच टाकले. आज ते सेटिंग शोधून उपयोग नाही.

दुसरा नुस्खा होता पान रंगवण्याआधीची पाव सेकंदाची वाट शून्यावर आणण्याचा. त्याने पान लवकर दिसायला लागे, पण अर्धवट माहितीवर रंगवलेले पान पुन्हा पुन्हा रंगवावे लागे आणि पूर्ण व्हायला उलट जास्त वेळ जाई. विंडोज एक्सपीच्या काळातला आणखी एक समज होता की विंडोज २० टक्के नेट स्वतःसाठी राखून ठेवते. तसे नव्हते, हे मायक्रोसॉफ्टने तेव्हाच स्पष्ट केले होते.

राउटर कपाटामागे नको

वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब पोहोचतो, पण सोसायटीतल्या सगळ्या शेजाऱ्यांचे राउटर तिथेच गर्दी करतात. एकाच खोलीत किंवा शेजारच्या खोलीत असाल तर ५ गिगाहर्ट्झ वापरा. राउटर उघड्यावर, उंचावर आणि घराच्या मध्याशी ठेवा. आणि घरातला कुणाचा तरी फोन त्याच वेळी फोटोंचा बॅकअप वर चढवत असेल तर सगळ्यांचे हेलपाटे लांबतात, हेही तपासा; तो बॅकअप रात्रीवर टाकला की कित्येक तक्रारी मिटतात.

मराठी पाने जड का?

शेवटचा मुद्दा मराठी वेबसाइट चालवणाऱ्यांसाठी. यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीतल्या प्रत्येक वर्णाला किंवा मात्रेला तीन. म्हणून मराठी पाने जड असतात असे काही जण मानतात. हिशेब करून पाहू. हा सबंध लेख ४०-५० केबीचा असेल, आणि सर्व्हरने दाबून पाठवला तर १०-१२ केबीच्या आसपास येईल, म्हणजे वर सांगितलेल्या पहिल्या चौदा केबीच्या खेपेतच मावेल. मजकुराचे ओझे एवढेच आहे. शेजारी फोनमधून काढलेला फोटो न कापता, न दाबता टाकला तर तो एकटाच तीन-चार एमबीचा भरतो. तोच फोटो लागेल तेवढ्याच रुंदीचा करून वेबपी स्वरूपात ठेवला तर शंभर केबीत बसतो, आणि वाचकाला फरक दिसत नाही.

फॉन्टकडे मात्र मराठीत जास्त लक्ष द्यावे लागते. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टमध्ये शेकडो आकृत्या लागतात, त्यामुळे त्याची फाइल लॅटिन फॉन्टपेक्षा बरीच मोठी होते. डिझाइन करणारा साधा, ठळक, अतिठळक, हलका अशा चार-पाच फाइली जोडून देतो. फॉन्ट येईपर्यंत क्रोम आणि फायरफॉक्स तीन सेकंदांपर्यंत मजकुराची जागा कोरी ठेवतात. वाचकाच्या फोनवर बातमी पोहोचलेली असते, फक्त दिसत नसते. सीएसएसमध्ये ‘फॉन्ट-डिस्प्ले’ला ‘स्वॅप’ केले की फोनमधल्या फॉन्टमध्ये मजकूर लगेच दिसतो आणि नवा फॉन्ट मागाहून बसतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेल्या ‘मुक्ता’सारखे सुंदर फॉन्ट जरूर वापरावेत, पण दोनच वजनांत. आणि बातमीच्या मजकुरासाठी स्वतंत्र फॉन्ट खरोखर हवाच का, याचाही विचार व्हावा. विंडोजमध्ये निर्मला यूआय, अँड्रॉइडमध्ये नोटो आणि आयफोनमध्ये कोहिनूर देवनागरी आधीपासून असतात, त्यांना एकही हेलपाटा लागत नाही.

मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा आणि बोट टेकवल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा, ही गुगलने घालून दिलेली मर्यादा आहे. पेजस्पीड इन्साइट्स या फुकट साधनावर आपल्या साइटचे आकडे कुणालाही पाहता येतात. पण संपादकांना आणि साइट चालवणाऱ्यांना माझी विनंती त्याहून साधी आहे. कचेरीतला वाय-फाय बंद करा, दहा हजारांचा फोन घ्या, मोबाइल डेटावर स्वतःचे पान उघडा आणि बातमीचे पहिले वाक्य वाचता येईपर्यंत घड्याळाकडे पाहा. तीन सेकंद उलटून गेले तर त्याच आठवड्यात मुखपृष्ठावरच्या दोन स्क्रिप्ट आणि तीन फॉन्ट काढून टाका.